‘अँड देन?’ : एका सराव पाठाचा आणि त्यानंतरच्या चर्चेचा प्रकरण अभ्यास

साध्या भूतकाळावरचा सराव पाठ सुरू होऊन अठरा-वीस मिनिटे झाली होती. प्रशिक्षणार्थी शिक्षिकेने वर्गाला विचारले, ‘व्हॉट डिड यू डू यस्टरडे?’ पहिल्या रांगेतल्या एका प्रौढ विद्यार्थ्याने जरा थांबून, शब्द जुळवत उत्तर दिले, ‘यस्टरडे आय वॉज वेट वन अवर द बस, अँड इट डिडन्ट कम.’ शिक्षिका तत्काळ म्हणाल्या, ‘आय वेटेड. आय वेटेड फॉर द बस. व्हेरी गुड!’ विद्यार्थ्याने मान हलवली, ‘यस, यस’ म्हणाला, आणि शिक्षिकेने शेजारच्या विद्यार्थिनीकडे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारला. एवढे सगळे दहा-बारा सेकंदांत आटोपले. निरीक्षक म्हणून मी मागच्या बाकावर बसलो होतो. निरीक्षण वहीत त्या क्षणासमोर मी लिहिले, ‘चूक ओळखली. दुरुस्ती तत्पर आणि सौम्य,’ आणि बाजूला बरोबरची खूण केली.

ती खूण चुकीची होती, हे माझ्या लक्षात यायला आणखी एक पाठ आणि एक ध्वनिमुद्रण लागले. प्रशिक्षणार्थीला काय जमत नव्हते, याची ही हकीकत आहेच. पण त्यांना शिकवणाऱ्या मला काय दिसत नव्हते, याचीही ती तितकीच आहे, आणि शिक्षक घडवण्याचे काम करणाऱ्यांनी हा दुसरा भाग अधिक बारकाईने वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

पार्श्वभूमी आणि पहिले निदान

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी असलेल्या एका अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमात हे घडले. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे आणि स्थळ वगळले आहे. अशा अभ्यासक्रमांची घडण बरीचशी एका जुन्या प्रयोगाला ऋणी आहे. १९६२ मध्ये जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने लंडनमध्ये भावी शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले, आणि सिद्धान्ताच्या व्याख्यानांपेक्षा खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून शिकवण्याला त्यात महत्त्व दिले. आज जगभर चालणारी ‘सेल्टा’ ही केंब्रिजची पात्रता त्याच परंपरेतली आहे. तिच्यात किमान १२० तासांचे प्रशिक्षण असते आणि त्यातले सहा तास प्रत्यक्ष अध्यापनाचे असतात, ज्यांचे मूल्यमापन होते. आमचा अभ्यासक्रम वेगळा असला तरी हिशेब साधारण तोच होता. पंचेचाळीस मिनिटांचा एक पाठ धरला, तर सहा तासांत आठ पाठ बसतात. एका माणसाची शिक्षक म्हणून घडण करण्यासाठी आपल्या हाती प्रत्यक्ष वर्गातले इतकेच प्रसंग असतात.

या सहा तासांच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये असे मांडले की, शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत सर्वसाधारण विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या थेट सहवासात घालवलेले असतात. या काळात तो शिकवण्याची एक प्रकारची उमेदवारीच करत असतो, मात्र बाकाच्या बाजूने. शिक्षक काय करतो ते त्याला दिसते. तसे का करतो, दुसरे काय करता आले असते आणि ते का टाळले, हे दिसत नाही. तेरा हजार तासांत अंगात मुरलेले काही सहा तासांत निघत नाही, आणि प्रशिक्षकाच्या सूचनेने तर नाहीच नाही. सूचना ऐकली जाते, वहीत उतरवली जाते, पुढच्या पाठात तिचे पालनही होते. पण ते पालन जुन्याच सवयीच्या पोटात होते. या प्रकरणात नेमके हेच घडले.

प्रशिक्षणार्थी शिक्षिका स्वतः शाळेत इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकलेल्या होत्या. व्याकरणाची बैठक पक्की, उच्चार स्वच्छ, फलकलेखन नेटके. पाठ टाचण त्या मिनिटामिनिटाच्या हिशेबाने काढत आणि ते पाळतही. वर्गात निरनिराळ्या मातृभाषांचे प्रौढ विद्यार्थी होते. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाप्रभुत्वाच्या सामाईक चौकटीतल्या ए-टू पातळीच्या आसपासचे, म्हणजे ओळखीच्या विषयावर साधी वाक्ये बोलू शकणारे. पाठ ठरीव तीन पायऱ्यांचा होता : आधी रूपाची ओळख, मग नियंत्रित सराव, शेवटी मुक्त वापर. शेवटच्या पायरीत जोड्यांनी एकमेकांना कालच्या दिवसाविषयी सांगायचे होते. प्रत्यक्षात बहुतेक जोड्यांनी आधी वहीत चार वाक्ये लिहून घेतली आणि मग ती आळीपाळीने वाचून दाखवली. खोलीत आवाज भरपूर होता, पण कोणी कोणाला काही सांगत नव्हते.

हे मला खटकले होते, आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे असा माझा समज होता. शिक्षिका फार बोलतात, म्हणून विद्यार्थ्यांना बोलायला जागा उरत नाही. हे आमच्या क्षेत्रातले सर्वांत हाताशी असलेले निदान आहे. मी तेच सांगितले : शिक्षकाचे बोलणे कमी करा. पुढच्या पाठात त्यांनी ते निष्ठेने कमी केले. स्पष्टीकरणे अर्ध्यावर आणली, सूचना दोन-दोन शब्दांच्या केल्या, आणि वाचलेल्या वेळात आणखी प्रश्न विचारले. प्रश्नामागून प्रश्न, उत्तरामागून ‘गुड’, आणि लगेच पुढचा विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या तोंडून निघालेल्या शब्दांची संख्या कदाचित वाढली असेल, पण पाठ पहिल्यापेक्षाही कोरडा झाला. बसची वाट पाहणारे ते गृहस्थ या पाठात एकदाच बोलले, तेही विचारल्यावर, आणि त्यांचे वाक्य तीन शब्दांचे होते.

चर्चेचे ध्वनिमुद्रण

अभ्यासक्रमाच्या नियमाप्रमाणे प्रशिक्षणार्थी आपला पाठ फोनवर ध्वनिमुद्रित करत आणि नंतर स्वतः ऐकत. या दुसऱ्या पाठाच्या वेळी पाठ संपल्यावरही मुद्रण चालूच राहिले, आणि त्यामागोमाग झालेली आमची दोघांची चर्चाही त्यात आली. शिक्षिकेने ते दुसऱ्या दिवशी प्रांजळपणे सांगितले आणि ती ठेवू की पुसू, असे विचारले. मी ती मागून घेतली आणि त्या संध्याकाळी ऐकली.

चर्चेची सुरुवात मी अशी केली होती : ‘पाठ कसा झाला असं तुम्हाला वाटतं?’ त्या क्षणभर घुटमळल्या आणि म्हणाल्या, ‘वेळ बरोबर साधली, सर.’ मी म्हणालो, ‘बरोबर. आणखी?’ त्या म्हणाल्या, ‘स्पष्टीकरण कमी केलं.’ मी म्हणालो, ‘छान. पण विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिलं तर?’ इथे त्या गप्प झाल्या, आणि मी त्यांना दोन श्वासांचाही अवधी न देता उत्तर स्वतःच सांगून टाकले.

मला जे उत्तर ठाऊक होते आणि हवे होते, तेच मी प्रश्नाच्या रूपाने विचारत होतो. त्या ते ओळखण्याचा प्रयत्न करत होत्या. ओळखले की शाबासकी, न ओळखले की पुढचा प्रश्न. १९७५ मध्ये जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्थर्ड यांनी वर्गातल्या संभाषणाची जी त्रिपदी नोंदवली होती, ती हीच : शिक्षकाची सुरुवात, विद्यार्थ्याचा प्रतिसाद, आणि त्यावर शिक्षकाचा शेरा. शिक्षिकेच्या वर्गातल्या ज्या घडणीने विद्यार्थी आक्रसून जात होते, तीच घडण माझ्या खोलीत त्यांना आक्रसवत होती. वर्गात संवाद कसा उघडावा हे मी त्यांना शब्दांनी सांगत होतो आणि तो कसा मिटवावा हे वागण्यातून शिकवत होतो. लॉर्टींच्या तेरा हजार तासांत माझ्या हातून आणखी एका तासाची भर पडली होती, असेच मला त्या संध्याकाळी म्हणावे लागले.

इथे प्रश्नांच्या प्रकाराविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण प्रकरणाची गाठ तिथे आहे. भाषाशिक्षणात प्रश्नांचे दोन प्रकार मानले जातात. एकात विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते. तो केवळ समोरच्याला येते की नाही हे पडताळतो. दुसऱ्यात विचारणाऱ्याला खरोखरच काही जाणून घ्यायचे असते. मायकेल लाँग आणि शार्लीन सातो यांनी १९८३ मध्ये इंग्रजीच्या सहा वर्गांचा अभ्यास करून दाखवले की, शिक्षक पहिल्या प्रकारचे प्रश्न दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक विचारतात, तर वर्गाबाहेरच्या बोलण्यात असे प्रश्न जवळजवळ आढळतच नाहीत. आता ‘व्हॉट डिड यू डू यस्टरडे?’ हा प्रश्न कोणत्या प्रकारचा? वरवर पाहता तो दुसऱ्या प्रकारचा आहे, कारण त्या गृहस्थांनी काल काय केले हे शिक्षिकेला माहीत असण्याचे कारण नाही. मीही तो तसाच नोंदवला होता. पण प्रश्नाचा प्रकार त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. उत्तर आल्यावर विचारणारा काय करतो, यावरून तो ठरतो. तासभर थांबूनही बस आली नाही, हे ऐकून ज्याला पुढचे काही विचारावेसे वाटत नाही, त्याने बसविषयी विचारलेच नव्हते. त्याने भूतकाळाच्या रूपाविषयी विचारले होते, आणि विद्यार्थ्यांना हे फार लवकर उमगते. उमगले की ते शहाण्यासारखे तीन शब्दांवर येतात.

माझ्या वहीतल्या त्या खुणेकडे मी आता परत गेलो. ‘आय वॉज वेट’ या शब्दांत नेमकी चूक कोणती होती? शिक्षिकेने ‘आय वेटेड’ असे सुधारले, कारण त्या दिवशीचा धडा साध्या भूतकाळाचा होता, आणि मीही त्याच चष्म्यातून पाहत होतो. पण त्या गृहस्थांना ‘आय वॉज वेटिंग’ म्हणायचे असण्याचीही तितकीच शक्यता होती. ‘मी तासभर बसची वाट पाहिली’ आणि ‘मी तासभर बसची वाट पाहत होतो’ यांतला फरक मराठीत आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. दुसरे वाक्य ऐकले की आपण आपसूक ‘मग?’ म्हणतो, कारण त्या वाक्यात पुढे काहीतरी घडणार असल्याची चाहूल असते. तिसरी शक्यता अशी, की भूतकाळ दाखवायचा म्हणजे कोणत्याही क्रियापदाआधी ‘वॉज’ ठेवायचे, असा नियम त्यांनी मनाशी बांधला असेल. या पातळीवरच्या विद्यार्थ्यांमध्ये तो वारंवार दिसतो. तिन्ही शक्यतांवर उपाय वेगवेगळा आहे, आणि तिन्हींपैकी खरी कोणती हे कळण्याचा मार्ग एकच होता : त्यांना पुढे बोलू देणे.

दुरुस्तीविषयीही तेच. विद्यार्थ्याचे चुकीचे वाक्य शिक्षकाने सहज शुद्ध रूपात परत उच्चारणे ही सौम्य आणि म्हणून लोकप्रिय पद्धत आहे. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ मध्ये माँट्रियल परिसरात फ्रेंचमधून शिकणाऱ्या प्राथमिक वर्गांचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या या प्रकारच्या होत्या. पण त्यांतल्या अवघ्या ३१ टक्क्यांवर विद्यार्थ्याने काही ना काही प्रतिक्रिया दिली, आणि इतर प्रकारांच्या तुलनेत हे प्रमाण सर्वांत कमी होते. अशा दुरुस्तीमागोमाग ‘व्हेरी गुड’ आले, तर विद्यार्थ्याला ती दुरुस्ती न वाटता दुजोरा वाटतो. त्या गृहस्थांचे ‘यस, यस’ याच अर्थाचे होते. आपले म्हणणे पोहोचले, असे त्यांना वाटले. रूपही पोहोचले नव्हते आणि म्हणणेही.

पाच मिनिटांचे लेखन

पुढच्या भेटीत मी कोणतेही प्रत्याभरण, म्हणजे पाठावरचा अभिप्राय, दिले नाही. चर्चेचे मुद्रण मी ऐकले आहे आणि माझे प्रश्न त्यात कसे होते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग मी एक काम सोपवले. पहिल्या पाठातली कोणतीही पाच मिनिटे निवडायची आणि त्यातला प्रत्येक उच्चार, प्रत्येक विराम, जसाच्या तसा कागदावर उतरवायचा. त्यावर अभिप्राय लिहायचा नाही. काम कष्टाचे आहे; पाच मिनिटांच्या बोलण्याला त्यांना जवळजवळ दोन तास लागले. पण मुद्रण नुसते ऐकण्यात आणि स्वतःच्या हाताने लिहून काढण्यात फार अंतर आहे. ऐकताना आपण जे म्हणायचे होते तेच ऐकू येते. लिहिताना जे म्हटले तेच लिहावे लागते.

त्या आल्या तेव्हा त्यांनी कागदावर दोन ठिकाणी पेन्सिलीने गोल काढला होता. एक गोल त्यांच्या प्रश्नानंतरच्या विरामाभोवती होता, आणि दुसरा विद्यार्थ्याचे उत्तर व त्यांचा शेरा यांच्या मध्ये, जिथे विराम नव्हताच. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत केलेल्या कामाची माहिती मी त्यांना तेव्हा दिली, आधी नाही. रो यांना आढळले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबतात आणि विद्यार्थी आपण होऊन अधिक बोलू लागतात. या कामातला कमी उद्धृत होणारा भाग असा की, रो यांनी दोन विराम वेगळे केले होते : प्रश्नानंतरचा, आणि विद्यार्थ्याच्या उत्तरानंतरचा. प्रशिक्षणात आपण बहुधा पहिल्याविषयीच बोलतो. शिक्षिकेने पेन्सिलीने दाखवलेला दुसरा गोल मला दोन पाठ ऐकूनही दिसला नव्हता.

मी विचारले, ‘इथे तुम्ही का थांबला नाहीत?’ हा प्रश्न मी खरोखर विचारला, कारण उत्तर मला माहीत नव्हते, आणि या वेळी थांबलोही. बराच वेळ त्या कागदाकडेच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सर, मी थांबले आणि ते आणखी काही बोलले, आणि ते मला कळलंच नाही तर? किंवा एखादा शब्द त्यांनी मला विचारला आणि तो मला येत नसला तर? “वेटेड” मला येतं. बसच्या पुढे काय आहे ते मला माहीत नाही.’

मला वाटते, हे वाक्य प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षकाने जवळ बाळगावे. जिला मी तंत्राची उणीव समजत होतो, ती स्वसंरक्षणाची व्यवस्था होती आणि ती उत्तम चालत होती. मिनिटामिनिटाचे टाचण, छोटे प्रश्न, तत्काळ शेरा, या सगळ्याच्या आत त्या सुरक्षित होत्या. त्यांना ‘बोलणे कमी करा’ सांगणे म्हणजे भिंतीला रंग कमी लावा म्हणण्यासारखे होते. भिंत तशीच राहणार होती. परकी भाषा शिकताना वाटणाऱ्या भीतीवर एलेन हॉर्विट्झ यांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह पायाभूत लेखन केले, आणि दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, ही भीती शिक्षकांनाही ग्रासते, याकडे त्यांनीच लक्ष वेधले. हंगेरीचे पीटर मेजेश यांनी स्वभाषक नसलेल्या इंग्रजी शिक्षकांची बाजू १९९०च्या दशकात समर्थपणे मांडली. भाषा स्वतः शिकून आलेला शिक्षक विद्यार्थ्याच्या अडचणी आधीच ओळखू शकतो, हे त्याचे सामर्थ्य त्यांनी दाखवले आणि भाषेवरील प्रभुत्वाची धास्तीही लपवली नाही. जगातल्या इंग्रजी शिक्षकांपैकी बहुसंख्यांची मातृभाषा इंग्रजी नाही. असे असताना भावी शिक्षकांच्या स्वतःच्या भाषेची काळजी हा प्रवेश परीक्षेत एकदा निकालात काढायचा मुद्दा आहे, असे आपण वागतो, आणि मग अध्यापन कौशल्यांच्या नावाखाली त्याच काळजीची लक्षणे सुधारत बसतो.

पुन्हा शिकवलेला पाठ

ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास सूक्ष्म अध्यापनाची पद्धत विकसित केली. तिचा गाभा सोपा आहे : थोडे शिकवा, तपासा, आणि तेच पुन्हा शिकवा. कालांतराने अनेक ठिकाणी तिचे कौशल्यांच्या यादीत रूपांतर झाले आणि ‘पुन्हा शिकवा’ हा भाग वेळेअभावी गळाला. तोच आम्ही परत आणला. विषय तोच, साधा भूतकाळ आणि कालचा दिवस, विद्यार्थी तेच, फक्त नियोजनात दोन बदल.

पहिला बदल टाचणात झाला. त्यात एक नवा रकाना आला : ‘विद्यार्थी काय म्हणू शकतील’. शिक्षिका स्वतः त्याच वाटेने आलेल्या असल्यामुळे हा रकाना त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी चांगला भरला. ‘वॉज वेट’, ‘डिडन्ट केम’, ‘आय गो यस्टरडे’ अशा धाटणीची संभाव्य वाक्ये, त्यामागचे संभाव्य हेतू, आणि हेतू कळावा म्हणून विचारायचा प्रश्न. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र यांच्यामधल्या ज्या ज्ञानाकडे, म्हणजे तो विषय शिकताना विद्यार्थी कुठे आणि का अडतो हे जाणण्याकडे, लक्ष वेधले होते, ते ज्ञान या रकान्यात हाताने लिहिलेले दिसत होते.

दुसरा बदल भाषेच्या बाजूचा होता. अडल्यावर म्हणायची चार-पाच वाक्ये आम्ही मोठ्याने म्हणून बसवली. ‘से दॅट अगेन, प्लीज.’ ‘टेल मी मोर अबाउट दॅट.’ ‘आयॅम नॉट शुअर ऑफ द वर्ड, आय विल चेक अँड टेल यू टुमॉरो.’ यांतले शेवटचे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज पहिल्या चार वेळा खाली गेला, म्हणून आम्ही ते पाचव्यांदा आणि सहाव्यांदाही म्हटले. शिक्षकाने आपले अज्ञान भर वर्गात शांतपणे सांगणे हे कौशल्य आहे आणि इतर कौशल्यांसारखेच ते सरावाने येते. मात्र ते कोणत्याही निरीक्षण तक्त्यात मी आजवर पाहिलेले नाही. आणि सर्वांत लहान साधन होते दोन शब्दांचे : ‘अँड देन?’

पुन्हा शिकवलेला पाठ सुबक झाला नाही, हे स्पष्ट नोंदवले पाहिजे. एका विद्यार्थिनीने ‘अँड देन?’च्या उत्तरात इतके सांगितले की, मागच्या बाकावरचे दोघे कंटाळून वहीत रेघोट्या ओढू लागले. एका शब्दावर शिक्षिका खरोखरच अडल्या. त्यांनी पाठ केलेले वाक्य म्हटले, थोड्या घाईने, पण म्हटले, आणि वर्गात काहीही कोसळले नाही. तिसरी पायरी गाठायच्या आतच वेळ संपली. तरीही एक बदल असा होता, जो मागच्या बाकावरून उघड दिसत होता : दोन विद्यार्थी शिक्षिकेकडे न पाहता एकमेकांना प्रश्न विचारत होते, आणि त्यासाठी त्यांना कोणी सांगितले नव्हते.

माझ्यासोबत बसलेल्या सहकाऱ्याने नियमाप्रमाणे तक्ता भरला. ‘वेळेचे नियोजन’ आणि ‘उद्दिष्टपूर्ती’ या दोन्ही निकषांवर हा पाठ पहिल्यापेक्षा खाली गेला. सहकाऱ्याची चूक नव्हती. तक्त्याने जे विचारले, त्याचे प्रामाणिक उत्तर त्यांनी दिले. पण ज्या तक्त्याच्या लेखी पहिला पाठ अधिक चांगला ठरतो, तो तक्ता भावी शिक्षकांना काय शिकवतो, हा प्रश्न मी प्रशिक्षकांच्या बैठकीत मांडला. चर्चा लांबली, मतभेद राहिले. वेळेचा निकष काढून टाकावा असे माझेही म्हणणे नव्हते, कारण वेळ न पाळणारा शिक्षक विद्यार्थ्यांवर वेगळ्या प्रकारे अन्याय करतो. अखेर ‘विद्यार्थ्याच्या म्हणण्याला दिलेला प्रतिसाद’ असा एक निकष एका तुकडीपुरता जोडावा, आणि पाठानंतरच्या प्रत्येक चर्चेचे मुद्रण प्रशिक्षकानेही ऐकावे, इतके ठरले. दुसऱ्या निर्णयाला विरोध अधिक झाला. तो मला समजतो. स्वतःचा आवाज शेरे देताना ऐकणे सोपे नाही, आणि मी अजूनही ते मुद्रण लावताना थोडा थांबतो.

अभ्यासक्रमातल्या शिक्षिकेच्या शेवटच्या पाठाचा विषय वेगळा होता, पण सुरुवातीला त्यांनी विद्यार्थ्यांशी दोन मिनिटे सहज बोलायला घेतले. बसवाले गृहस्थ त्या दिवशी उशिरा आले होते. आत येतायेताच म्हणाले, ‘सॉरी. आय वॉज वेट द बस.’ शिक्षिका थांबल्या. मागून मी मोजत होतो. तीन सेकंद सहज झाले असतील. मग त्यांनी हाताने फलकावर एक लांब आडवी रेघ ओढली आणि विचारले, ‘यू वेअर वेटिंग, अँड समथिंग हॅपन्ड? ऑर यू वेटेड, अँड फिनिश्ड?’ गृहस्थांनी रेघेकडे पाहिले, पुढे येऊन रेघेच्या मध्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘हिअर. आय वॉज वेटिंग, अँड माय ब्रदर कॉल मी.’

‘कॉल’चे ‘कॉल्ड’ झाले नव्हते. शिक्षिकेने टेबलावरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतले, आणि मान वर करून म्हणाल्या, ‘अँड देन?’